बारा तारखेची रिकामी ओळ

नोंद ठेवणं हा आजोबांचा पेशाही होता आणि खोडही. चौतीस वर्षं त्यांनी हवामान केंद्रात निरीक्षक म्हणून काढली. दर तीन तासांनी बाहेर जायचं, वायुभार, तापमान, वारा, ढग बघायचे आणि पेन्सिलीनं वहीत लिहायचे, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरतात, पेपरातली कोडी सोडवतात. आजोबांनी घराला वेठीला धरलं. गॅसची टाकी कधी लावली, नळाचं पाणी किती वाजता गेलं, दाराची बेल कधी बिघडली, सगळं तारीखवार. "बाबा, मी आत्ता शिंकले, लिहिलंत ना?" असं सूनबाई विचारायची, आणि ते खरोखरच चष्मा शोधायला लागायचे.

पण त्यांच्या एका वहीची थट्टा घरात कुणी करत नसे. ती वही सूनबाईनंच शिवलेली होती. ती बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. काळ्या कापडाची पाठ, जाड कागद आणि प्रत्येक पानावर छापील आकडा, म्हणजे मधलं पान कुणी फाडलं तर लगेच कळावं. एका पानावर एक महिना, एका ओळीवर एक दिवस. त्या वहीत नातीचे झटके होते.

नातीला घरात सगळे मास्तरीण म्हणत. चार वर्षांची असल्यापासून ती मोठ्यांच्या बेरजा तपासायची आणि चूक सापडली की कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. बाराव्या वर्षी ती शाळेच्या जिन्यावर कोसळली. तो पहिला झटका. मग गोळ्या, मग वेगळ्या गोळ्या, मग आणखी वेगळ्या. मोठे झटके थांबले, छोटे राहिले. छोटा झटका म्हणजे बघणाऱ्याला काही वाटणारही नाही असा. बोलता बोलता तिची नजर थिजायची, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासू लागायचा, चिमटीतलं मीठ सोडावं तसा. वीस-तीस सेकंद. मग ती होती तिथून पुढे बोलायला लागायची. आपण मध्ये कुठे गेलो होतो याचा तिला पत्ता नसायचा. गेलेल्याला कळत नाही, बघणाऱ्यालाच कळतं, म्हणून तर ती वही. झटका आला तर वेळ आणि सेकंद. नाही आला तर आजोबा जुन्या सवयीनं दिवसाचा वायुभार आणि पुढे एकच शब्द लिहीत, 'निरभ्र'.

वहीचे नियम हवामान केंद्रातलेच होते. पाहिलं की लगेच लिहायचं. खोडरबर वापरायचा नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून वर लिहायचं. आणि जे पाहिलं नाही ते अंदाजानं भरायचं नाही, ओळ रिकामी सोडायची. तिसऱ्या नियमामागे एक गोष्ट होती, ती आजोबा फारशी सांगत नसत. त्यांच्या एका सहकाऱ्यानं एकदा पांघरुणातून बाहेर यायचा कंटाळा केला आणि वायुभाराचा आकडा मनानंच ठोकून दिला. भार उतरत होता, म्हणजे वादळ येत होतं, वहीत मात्र तो स्थिर राहिला. सकाळी मासेमारीच्या होड्या गेल्या. तीन परत आल्या नाहीत. सहकाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, कारण वहीत सगळं ठीक होतं. आजोबांना तीच गोष्ट सगळ्यात भयंकर वाटायची.

तर आता त्या वहीत झटक्याशिवायची दोन वर्षं पुरी होत आली होती आणि मास्तरणीची निवडही होत आली होती. रसायनशास्त्राचं ते कॉलेज म्हणजे काय सांगावं! जागा चाळीस, अर्ज अकरा हजार. लेखी परीक्षा ती पास झाली, मुलाखतही पास झाली. उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी, तेवीस तारखेची. तिथला नियम स्पष्ट छापलेला होता. प्रयोगशाळेत ज्योत असते, आम्ल असतं. ज्याला झटके येतात त्यानं सलग दोन वर्षं झटका आला नसल्याची नोंद दाखवावी, घरच्या माणसानं रोजच्या रोज ठेवलेली. नसेल तर प्रकरण समितीकडे जाईल. आणि समितीकडे गेलेलं प्रकरण म्हणजे विहिरीत पडलेली बादली, असं सगळेच म्हणत. दोन वर्षं एकोणीस तारखेला भरत होती. चार दिवस पदरात जास्तच होते.

बारा तारखेला दुपारी मास्तरीण तपासणीसाठी घालायचा सदरा इस्त्री करत होती. सूनबाई भाजी निवडत होती, आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. मास्तरीण मुलाखतीतला एक किस्सा सांगत होती. "मग ते सर म्हणाले, की तू," इथपर्यंत आली आणि थांबली. आजोबांनी वर बघितलं. डाव्या हातात इस्त्री होती आणि ती हलत नव्हती. उजव्या हाताचा अंगठा हलत होता. आजोबांचा हात आपोआप खिशातल्या घड्याळाकडे गेला. करपल्याचा वास आला. सूनबाईनं धावत जाऊन प्लग ओढला, पण मुलीचा इस्त्रीवरचा हात तिला सोडवता आला नाही. सव्विसाव्या सेकंदाला मास्तरीण म्हणाली, "काम कधीपासून करू शकतेस?" आणि हसली. मग तिनं खाली पाहिलं.

सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. मधोमध कापड गेलंच होतं.

"किती?" तिनं विचारलं.

"सव्वीस."

आजोबा वही आणायला उठले. तिनं इस्त्री उभी ठेवली, वायर गुंडाळली, आणि मग म्हणाली, "आजोबा, लिहू नका."

घरात तिचं रडणं कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं. आताही ती रडत नव्हती. तिनं फॉर्म आणून त्यांच्यापुढे ठेवला. "बघा. दोनच चौकोन आहेत. झटके येतात, झटके येत नाहीत. कधीमधी येतो, शेजारी कुणी असेल तर काही बिघडत नाही, असा तिसरा चौकोन त्यांनी छापलाच नाही. मी खूण कुठे करू?"

"समिती आहे की."

"समितीकडून परत आलेला एक तरी माणूस तुमच्या माहितीत आहे?"

नव्हता.

सूनबाई इतका वेळ करपलेला सदरा हातात धरून उभी होती. तिनं आवाज खाली आणला, जणू भिंतीपलीकडे कुणी ऐकत होतं. "बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नवी वही शिवते. तोच कागद, तेच कापड, आकडे तसेच छापून आणते. तुम्ही फक्त उतरवून काढा. चार-पाच दिवसांचं काम आहे."

"खोटी वही शिवण्यापेक्षा माझे हात शिव!" आजोबा इतक्या जोरात ओरडले की त्यांचं त्यांनाच चमकायला झालं. "चौतीस वर्षं! एक आकडा मी मनानं लिहिला नाही!"

"तुमच्या आकड्यांना सांभाळायचंय की पोरीला?" सूनबाई म्हणाली. ती उद्धट नव्हती. पाच वर्षं तिनं मुलीच्या गोळ्या डबीत भरल्या होत्या आणि तिला आता फक्त एवढंच दिसत होतं.

मास्तरीण मध्ये पडली. "खोटं लिहू नका, आजोबा. मी कुठे म्हणते खोटं लिहा? फक्त लिहू नका."

आजोबा पेन्सिल धरून बसले. खोटं लिहिणं वेगळं आणि न लिहिणं वेगळं, हा फरक त्यांना एकदम फार मोठा वाटायला लागला. रिकामी ओळ नियमातच बसत होती. रिकामी ओळ कुणाला फसवत नाही. त्यांनी बाराच्या आकड्यापुढे पेन्सिल टेकवली, उचलली आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी तेरापासून पुढे लिहिलं. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात काढतो, नाही का?

त्यानंतर घर वरवर पूर्वीसारखंच चाललं. फरक एकच पडला. मास्तरीण घरातसुद्धा जाकीट घालायला लागली आणि उजवा हात खिशात ठेवायला लागली. जेवताना हात बाहेर यायचा, बाकी वेळ आत. आजोबांनी एकदा विचारलं, "थंडी वाजते का गं?" ती म्हणाली, "थोडीशी." पंखा चालू होता. बोलता बोलता ती कधी थांबायची, पण विचार करताना माणूस थांबतोच. खिशाच्या आत अंगठा काय करतोय हे कापडावरून कळत नव्हतं. रोज संध्याकाळी आजोबा वही उघडत आणि लिहीत, 'निरभ्र'. लिहिताना त्यांना त्या सहकाऱ्याच्या पांघरुणाची आठवण यायची.

तेवीस तारखेला दोघं गेले. सूनबाईला सुट्टी मिळाली नाही. आजोबांचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो वाटेत कुठेतरी होता. तपासणीची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना दगडी आणि उभा. आजोबा जिना चढताना नेहमी नातीच्या एक पायरी खाली राहत, कोसळली तर अंगावर यावी म्हणून. वर बोळात बाकं होती. खिडकीतून खालची प्रयोगशाळा दिसत होती. लांबलचक काळी टेबलं, नळ, बाटल्या, आणि प्रत्येक टेबलावर एकेक निळी ज्योत. माणसं पांढऱ्या कोटात, पाठमोरी. मास्तरीण काचेला नाक लावून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आजोबांनी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्यांना वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

आत पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई होत्या. घसा बसला होता, तोंडात गोळी होती. बाई इतक्या प्रेमळ होत्या की आजोबांना घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. बाईंनी वही उघडली आणि हसल्याच.

"ही कुणी ठेवली?"

"मी."

"काय करत होतात?"

"हवामान निरीक्षक होतो."

"तरीच! अहो, रोजचा वायुभारसुद्धा लिहिलाय की तुम्ही. तीस वर्षांत अशी वही माझ्यापुढे आली नाही. लोक काय आणतात माहितीये? आदल्या रात्री, एका शाईनं, एका बैठकीत लिहिलेलं. मी वास घेऊन सांगू शकते." त्या बोटाला थुंकी लावून पान उलटत होत्या. निरभ्र, निरभ्र, निरभ्र. एक वर्ष उलटलं. दीड उलटलं. शेवटच्या पानावर बोट वरून खाली सरकत आलं आणि थांबलं.

"बारा तारीख?"

सातशेच्या वर ओळी भरलेल्या आणि त्यात ही एक नाही. पुऱ्या बत्तिशीत एक दात पडलेला असावा तशी ती दिसत होती. आजोबांच्या आता ध्यानात आलं, की त्या ओळीत 'निरभ्र' लिहिलं असतं तर बाई पान उलटून पुढे गेल्या असत्या. आयुष्यभर ज्यांनी वहीत एक खोटा आकडा लिहिला नाही, त्यांच्याच हातून अशी चूक होऊ शकते.

मास्तरीण समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिचा हात खिशात होता.

"त्या दिवशी निरीक्षक झोपला होता," आजोबा म्हणाले.

"म्हणजे?"

"मला ताप होता. दिवसभर झोपून होतो. आमच्या खात्याचा नियम आहे, जे पाहिलं नाही त्याची ओळ रिकामी सोडायची."

बाईंनी चष्मा काढला, तो छातीवर दोरीला लोंबला.

"बघा," त्या मास्तरणीला म्हणाल्या, "दुसरा कुणी असता तर सरळ ठीक म्हणून लिहून मोकळा झाला असता. खरं सांगू? या रिकाम्या ओळीमुळेच बाकीच्या वहीवर माझा विश्वास बसला." आणि त्यांनी शिक्का मारला.

शिक्क्याचा आवाज केवढासा असतो. आजोबांना तो मोठा वाटला.

बाई आता मोकळेपणानं बोलायला लागल्या. "बरं झालं समितीची भानगड नाही. तशी समितीही काही वाईट नाही हो, लोक उगाच घाबरतात. गेल्या वर्षी दोघांना पाठवलं होतं मी. दोघंही आत आहेत. त्यांना टेबलाला जोडीदार देतात, ज्योतीऐवजी विजेची शेगडी देतात, झालं. येऊन सांगतच नाही कुणी, त्याला आम्ही काय करणार? तुला काही त्यातलं लागायचं नाही. तुझं टेबल सतरा नंबरचं, अगदी टोकाचं, स्वतंत्र. सोमवारी वर्ग सुरू, ही किल्ली. तुझी वही स्वच्छ आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशीही एकटी येऊन काम करू शकतेस."

आजोबांनी तोंड उघडलं. बाईंनी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. "पालक म्हणून इथे सही." सहीच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं, माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होईल व पुन्हा कधीही अर्ज करता येणार नाही. आजोबांनी दोनदा वाचलं. आता खरं बोलायची सोयच त्यांनी स्वतःच्या तोंडानं बंद केली होती, आणि त्यालाही पुरती पाच मिनिटं झाली नव्हती. त्यांनी सही केली.

"वसतिगृहात वही कोण ठेवणार?" बाईंनी विचारलं.

"मी," मास्तरीण म्हणाली.

"पण ज्याला झटका," आजोबांच्या तोंडून गेलंच.

"काय?"

मास्तरणीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"काही नाही," आजोबा म्हणाले. "अक्षर चांगलं आहे तिचं."

बाहेर बोळात कुणी नव्हतं. आजोबा बाकावर टेकले. मास्तरीण शेजारी बसली. किल्ली तिनं डाव्या मुठीत घट्ट धरली होती. तिचे डोळे चमकत होते, आणि आजोबांना तिचा राग येईना, आनंदही होईना, नुसती भीती वाटत होती.

"द्या," ती म्हणाली. "आजची नोंद मीच करते. सुरुवात चांगल्या दिवशी व्हावी."

त्यांनी वही दिली, पेन्सिल दिली. तिनं वही मांडीवर उघडली. "तुमच्यासारखी टोकदार ठेवायला हवी आता, नाहीतर तुम्ही सुट्टीत आलात की," असं म्हणाली आणि थांबली.

आजोबांनी वळून बघितलं. अकरा दिवसांनंतर आज पहिल्यांदा तो उजवा हात त्यांना नीट दिसत होता. पेन्सिल बोटांत होती आणि अंगठा तिच्यावरून हळूहळू घासत होता. नजर समोरच्या भिंतीच्या थोडी अलीकडे कुठेतरी. त्यांनी घड्याळ काढलं. बाईंच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आतून खोकल्याचा आवाज येत होता. खाली कुणीतरी बाटली आपटली. दहा. वीस. आजोबा तिच्यापुढे सरकून बसले, दारातून कुणी डोकावलं तर दिसू नये म्हणून. आपण काय करतोय हे सरकल्यावर त्यांना कळलं. तीस. चाळीस.

"माझ्या चुका काढाल," मास्तरीण म्हणाली आणि हसली. तिनं घड्याळात पाहिलं, वेळ लिहिली आणि तेवीसच्या आकड्यापुढे अगदी सुबक अक्षरात लिहिलं, 'निरभ्र'. मग वही त्यांच्यापुढे धरली. "बरोबर आहे ना?"

तिच्या मनात काडीचंही खोटं नव्हतं. तीच गोष्ट आजोबांच्या काळजात रुतली. सोमवारपासून ती रोज असंच लिहील, प्रामाणिकपणे, टोकदार पेन्सिलीनं, आणि वही कायम स्वच्छ राहील. टोकाच्या टेबलावर तिच्यासमोर ज्योत असेल आणि बघणारं कुणी नसेल.

"चाळीस सेकंद," ते म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू उतरलं. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग अर्ध्या उघड्या दाराकडे. आजोबा वाट बघत राहिले. नियम तिला पाठ होता, एक आडवी रेघ आणि वर खरी नोंद. पेन्सिल तिच्या हातातच होती. तिनं रेघ मारली असती तर ते तिच्याबरोबर आत गेले असते, पाया पडले असते, काहीही केलं असतं.

"कुणी पाहिलं?" तिनं हळूच विचारलं.

"मी."

तिनं वही मिटली. मग दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला, थोपटल्यासारखं केलं, अगदी लाडानं.

"नाही, आजोबा," ती म्हणाली. "निरीक्षक झोपला होता."

ती उठली, वही काखेत धरली आणि जिन्याकडे निघाली. आजोबा घाईनं मागोमाग गेले. उतरताना तिच्यापुढे एक पायरी राहायला हवं म्हणून त्यांनी कठड्याला धरून तिला ओलांडायचा प्रयत्न केला. "अहो, हळू," ती म्हणाली, "सोमवारपासून मी हा जिना एकटीच उतरणार आहे." तरी ते पुढे झाले. एक हात कठड्यावर आणि एक मागे पसरलेला, असे ते तीन मजले उतरले.